कड्यावरून सोडलेला पदर

कुठल्या तरी बर्फाच्या शिखरावर एक जण अडकून पडला होता आणि त्याच्या बाजूने बाकीचे माथ्यावर निघून गेले, अशी बातमी पेपरात आली की आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघतात. बायको चहाचा कप ठेवता ठेवता म्हणते, "ह्यांका इचारा. ह्यांका त्यातला कळता." पुतणे हसतात. मी पेपर जरा वर धरतो. पण ती बातमी वाचून बाकीचे जसे तावातावाने बोलतात, तसं मला बोलता येत नाही. एकदा, डोंगर लहान होता तरी, त्या अडकलेल्याच्या जागी मी होतो. तेव्हा मला कोण ओलांडून गेलं आणि कोण थांबलं, दोन्ही मला ठाऊक आहे. 

मी मालवणचा, म्हणजे वाळूतला माणूस. शाळेत भूगोल शिकवायचो. हिमालयाची उंची पोरांकडून घोकून घेणाऱ्या या मास्तराने स्वतः चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे शाळेच्या कौलारू छपराची शिडी, आणि तिच्यावरूनही मला शिपायाने हात धरून उतरवलं होतं. अशा माणसाने डोंगराच्या वाटेला जायचं काही कारण नव्हतं. पण तेव्हा एव्हरेस्ट चढून झाल्याला फार दिवस लोटले नव्हते आणि आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग मास्तराच्या अंगात ते शिरलं होतं. वर्गातल्या फळ्यावर कळशीचं चित्र काढायचं सोडून तो बर्फाची शिखरं काढायचा. त्याने मला पटवलं. पटवलं म्हणजे काय, शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाला, "भूगोलाचो मास्तर आनी डोंगराक भियाता?" झालं. शिवरात्रीच्या सुट्टीला लागून आम्ही दोघे एस्टीने कणकवलीपर्यंत आणि पुढे पायी घाटाखाली पोचलो.

आमची तयारी चोख होती. ड्रॉइंग मास्तराच्या म्हणण्याप्रमाणे गिर्यारोहक धोतर नेसत नाहीत, म्हणून दोघांनी खाकी अर्ध्या चड्ड्या शिवून घेतल्या होत्या. विहिरीच्या रहाटाचा दोर सोडवून आणला होता. तो ड्रॉइंग मास्तराने चित्रातल्यासारखा खांद्यावरून तिरपा घेतला होता. गळ्यात कुणाकडून तरी मागून आणलेला कॅमेरा. माझ्याकडे दशम्यांची पिशवी आणि पाणी. यावरून मोहिमेत नेता कोण आणि हमाल कोण हे कळायला हरकत नाही.

माथ्याच्या खाली एक कडा आडवा येतो. कड्याच्या वरच्या अंगाने पायवाट होती, पण ती लांबून वळसा घालते. ड्रॉइंग मास्तर म्हणाला, वाटेने काय म्हशीही जातात. तो घळीतून सरसर वर गेला. मी त्याच्या मागून निघालो आणि अर्ध्यावर मला कळलं की माझा उजवा पाय जिथे आहे तिथून त्याला वर जाता येत नाही, खालीही येता येत नाही. बसायला पाटाएवढी जागा. समोर हवा. कातळात रुजलेलं कारवीचं एक वाळकं खोड होतं, ते मी दोन्ही हातांनी धरलं.

"दोर टाक रे!" मी ओरडलो.

वरून ड्रॉइंग मास्तराचं डोकं दिसलं. त्याने माझी नीट पाहणी केली. "हललंस तर पडशीत. हलू नको. थंयच बस. मी माथ्यार जावन येतंय, येताना तुका घेतंय."

"अरे, दोर तरी ठेव!"

"दोर फोटोत होयो," तो म्हणाला. "आदी माथो, मगे तू!"

आणि गेला. मी त्याला वाईट म्हणणार नाही. माझा जन्माचा मित्र तो. माझ्या बहिणीच्या लग्नात त्याने रात्रभर पाणी भरलं होतं. पण माथा ही वस्तूच अशी आहे की ती अगदी हाताशी आली की माणसाला ऐकू कमी येतं. त्याला खरंच वाटलं असणार की मी बसलोय तसा बसून राहीन, जसं एखादं गाठोडं झाडाखाली ठेवून जावं. थोड्या वेळाने मी एका हाताने खांद्यावरचा पंचा काढून जिवाच्या आकांताने हलवला. तो माथ्यावर पोचला होता. त्यानेही आनंदाने हात हलवला.

आमच्याकडे दर्यात कुणी काठीला फडकं बांधून वर केलं, की जवळ असेल ते होडकं आपलं जाळं तिथेच टाकून वळतं. जाळ्यात मासळी असो, फडकं वर करणारा भांडणातला माणूस असो, वळायचं की नाही हे कुणी ठरवत बसत नाही. ते कुणाला शिकवावंही लागत नाही. डोंगरात असा काही रिवाज आहे का, हे मला माहीत नव्हतं. पाठ्यपुस्तकात नव्हतं. पायाखालची माती मात्र मधूनमधून भुरुभुरु सुटून खाली जात होती आणि ती खाली पोचल्याचा आवाज येत नव्हता. हे भूगोलाच्या मास्तराला फार बोलकं वाटलं.

तेवढ्यात ढोल ऐकू आला. वरच्या पायवाटेने माणसं येत होती. मी हाक मारली. ढोल थांबला नाही. दुसरी हाक मारली. ढोल उलट जलद झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे रानातून आलेल्या पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत. भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदा मारायची त्याला ताकद नसते, असा समज. मी स्वतः लहानपणापासून असाच वागत आलो होतो. माणूस असल्याचं सिद्ध करायला आता तिसरी हाक हवी होती. ती मी होती नव्हती तेवढी ताकद लावून मारली.

ढोल थांबला. कड्याच्या काठावर पांढऱ्या मिशांचं एक म्हातारं डोकं आलं.

"कोण रे तो? माणूस काय आनी काय?"

"माणूस!" मी ओरडलो. "माणूस! मास्तर!"

"दोनातलो एक काय तां सांग!" दुसऱ्या कुणीतरी मागून म्हटलं. तो ढोलवाला होता, हे मला नंतर कळलं.

"खंयचो?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मालवणचो!"

"मालवणचो, मगे हय कित्याक?"

"डोंगर चढूक!"

"मगे चढ मा!" ढोलवाला म्हणाला.

ती देवाची स्वारी होती. घाटाच्या कुशीतल्या एका गावाचे देव शिवरात्रीला कुणकेश्वराला समुद्रस्नानाला निघाले होते. आमच्याकडे देव असे निघतात तेव्हा तरंगाच्या रूपाने निघतात. तरंग म्हणजे पुरुषभर उंचीची काठी, माथ्यावर देवाचं चिन्ह, आणि खाली भाविकांनी नवसाची म्हणून नेसवलेली लुगडी, एकावर एक. एक तरंग देवाचा, एक देवीचा. वाटेत तरंग जमिनीला टेकवायचा नसतो. त्यामुळे स्वारीतले सगळ्यात दांडगे दोन गडी ते दोन देव घेऊन ताठ उभे होते आणि माझ्या उपयोगाचे नव्हते. उरले ते गावाचा म्हातारा मानकरी, ढोलवाला, आणि चार-सहा वयस्क माणसं. दोर कुणाकडेच नव्हता. देवाबरोबर निघताना दोर कोण घेतो?

मग वर वाद सुरू झाला. तो मला तुकड्यातुकड्याने ऐकू येत होता.

"खाल वाडीत बायलमाणसां सकाळपासून ताटां घेवन उबी आसत," ढोलवाला म्हणाला. "देवाक ओवाळल्याशिवाय कोण तोंडात पानी घालूचा नाय. तेंका उपाशी ठेवचा कोणासाठी? ह्यो हवा खावक इलेलो!"

"वाडीत जावया, थंयसून दोर धाडूया," आणखी एक जण.

म्हातारा पुन्हा काठावर आला. "मास्तर, दोर येयपर्यंत ऱ्हवशात?"

काय सांगायचं? आमच्या घरचं वळण असं की पाहुणा म्हणून गेल्यावर कुणी काही विचारलं तर नको म्हणायचं, कुणाला त्रास द्यायचा नाही. मी म्हटलं, "बघतंय."

त्याच क्षणी पायाखालचा एक बराचसा तुकडा सुटला. म्हाताऱ्याने तो जाताना पाहिला.

"लुगडी सोडा," तो मागे वळून म्हणाला.

 मग ढोलवाल्याचा आवाज, अगदी बारीक: "देवीची?"

"मगे काय तुजी?"

कुणीच हललं नाही. आता नीट विचार केला तर त्यांचं मला पटतं. देवीची वस्त्रं भर वाटेवर उतरवायची, तीही कुणासाठी, तर अर्ध्या चड्डीतल्या एका परक्या माणसासाठी, ज्याला आपण वर कशाला आलो हेही धड सांगता येत नव्हतं. त्यातलं एकेक लुगडं कुणाच्या तरी घरातलं होतं. कुणाचं पोर जगलं म्हणून, कुणाचा नवरा बोटीवरून परत आला म्हणून नेसवलेलं. ते कातळावर घासायचं. मी त्यांच्या जागी असतो तर निदान सभा तरी भरवली असती.

म्हाताऱ्याने सभा भरवली नाही. "फिरा रे देवाकडे!" तो म्हणाला, आणि काठावरची सगळी डोकी नाहीशी झाली.  गेले हे, असं वाटलं. मग आवाज आला, देवळात घुमतो तसा, जाडा आणि लांबवलेला. म्हातारा देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालत होता.

"बा देवा म्हाराजा! आये माउली!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"तुजी स्वारी कुणकेश्वराक निघाली, वाटेत ह्यो एक मास्तर कड्यार अडाकलो!"

"व्हय म्हाराजा!"

"तो कित्याक चढलो ता तेका पन ठावक नाय!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात.

"तुजी लुगडी आमी काडतंव नि तेका वर घेतंव! खाल तुजी लेकरां उपाशी आसत, तेंका धीर दी!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली तर पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी कड्यावरूनही एक आवाज त्यात मिसळला. तो माझा होता. इतक्या मनापासून मी तोवर कुठल्याच देवळात ओरडलो नव्हतो, पुढेही नाही.

मग एक विचित्र गोष्ट झाली. ती सगळी माणसं पुन्हा काठावर आली, ओळीने उभी राहिली आणि माझ्याकडे टक लावून बघू लागली. कुणी बोलेना. चेहरे गंभीर. एकाने टोपी काढली. मला वाटलं, झालं, हे माझं शेवटचं दर्शन घेताहेत. मी कारवीचं खोड आणखी घट्ट धरलं. नंतर कळलं की मागे म्हातारा, तरंग धरलेल्या गड्याला डोळे मिटायला लावून, एकटा देवीची लुगडी उतरवत होता. तिच्या अंगालगतचं एक ठेवून वरची काढायची होती, आणि तोवर पुरुषांनी तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं होतं. देवीकडे पाठ म्हणजे माझ्याकडे तोंड, त्याला ते तरी काय करणार!

शेवटी कड्यावरून एक हिरवा पदर खाली आला. जरीचे काठ, त्याच्या वर पिवळं, त्याच्या वर लाल, गाठीला गाठ. कापराचा आणि हळदीचा वास माझ्या तोंडावर आला. म्हाताऱ्याने वरून सांगितलं तसं मी हिरवं काखेखालून गुंडाळलं आणि गाठ मारली. खोड सोडायला मात्र हात तयार होईनात.

"सोड रे मास्तर," म्हातारा म्हणाला. "ता झाड तुका धरूचा नाय. आमी धरलेलो आसा."

मी सोडलं.

ओढण्यात सगळ्यात पुढे ढोलवाला होता. सबंध वेळ तो मला शिव्या घालत होता आणि प्रत्येक शिवीगणिक मी हातभर वर येत होतो. "हवा खावक होयी... ह्येका... मालवणात हवा नाय काय... मेल्याक!" त्याच्या हाताची सालं निघाली होती, ते मी वर आल्यावर पाहिलं. वर येताना माझी खाकी चड्डी त्या कारवीच्या खोडात अडकली आणि तिथेच राहिली. आमच्या मोहिमेची निशाणी म्हणून डोंगरावर तेवढं एक फडकत राहिलं असेल.

त्यामुळे मी वर पोचलो तो हिरव्या लुगड्यात. ते मी कमरेला गुंडाळलं, उरलेलं खांद्यावर घेतलं. बाकीची लुगडी झटकून म्हाताऱ्याने देवीला पुन्हा नेसवली. हिरवं परत द्यायला लागलो तर तो म्हणाला, "ऱ्हवांदे. तुज्या आंगाक लागला. आता ता तुजा."

मी त्याच्या पाया पडायला वाकलो आणि उठता येईना. पाय लटलट कापत होते. दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून मला स्वारीबरोबर चालवलं. आम्ही वाडीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. मांडवाखाली बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. निरांजनं कितीदा विझून पुन्हा लावली असतील कोण जाणे. काही जणी उभ्या राहून राहून भिंतीला टेकल्या होत्या.

आणि तिथे त्यांची चूक झाली. चूक म्हणजे काय, मालवणी मुलखात दुसरं काही वाटणंच शक्य नव्हतं. स्वारीबरोबर देवीच्या लुगड्यातला, धुळीने माखलेला, थरथर कापणारा, दोघांनी दंड धरलेला पुरुष येतो म्हणजे त्याच्या अंगात देवी आली आहे. सगळ्यात पुढची म्हातारी ताट घेऊन सरळ माझ्याकडे आली. तिने मला कुंकू लावलं, ओवाळलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "खंय ऱ्हवलंस गो माउली? सकाळपासून वाट बघतंव."

 मागे कुणीतरी हसू दाबलं.

"आये," मी म्हटलं, "मी देवी नाय. मी मालवणचो मास्तर."

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हिरवं लुगडं. उघडी पोटरी. खरचटलेले गुडघे.

"मगे आमी उपाशी ऱ्हवलंव ते कोणासाठी?"

"ह्येच्यासाठीच!" ढोलवाला म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच तो खुश दिसत होता.

मी मान खाली घातली. म्हाताऱ्याने तिला थोडक्यात सांगितलं, कडा, लुगडी, उशीर. तिने ऐकून घेतलं. ताटातली वात सारखी केली.

"ओवाळलेला परत घेवक येणा नाय," ती म्हणाली. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून: "जेवलंस काय रे झिला?"

हे त्या बाईने विचारलं, जिच्या पोटात सकाळपासून पाणी नव्हतं, आणि तेही माझ्याचमुळे. बायको म्हणते की गोष्ट सांगताना या ठिकाणी मी दर वेळी चष्मा पुसतो. पुसतो.

देवांना ओवाळून झालं, पंगत बसली. भात आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. मी तिसऱ्यांदा भात घेत असताना ड्रॉइंग मास्तर आला; इतका वेळ त्याची मला आठवणही झाली नव्हती. आला म्हणजे कोसळलाच. तो माथ्यावरून कबूल केल्याप्रमाणे मला घ्यायला आला होता आणि त्याला कड्यावर फक्त माझी चड्डी दिसली. त्यानंतरचा सगळा वेळ तो खालच्या घळीत मला शोधत होता आणि शेवटी ढोल ऐकून वाडीकडे वळला होता. तळहात रक्ताळलेले, आवाज बसलेला, कॅमेरा कुठेतरी पडलेला. मला पानावर बसलेला बघून तो दारातच खाली बसला आणि पोरासारखा रडला. मग उठून त्याने माझ्या पाठीत एक जोरदार धपका घातला. "मेल्या! जिवंत आसस!" जसं काही मीच त्याला सोडून माथ्यावर गेलो होतो.

त्यालाही पान वाढलं आणि वाढता वाढता सगळी हकिगत सांगितली. त्याने खाली मान घालून दोन घास खाल्ले, मग त्याचा हात थांबला. तो म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला, "गावकारानू, एक इचारू? देवीन लुगडी दिवक ना म्हटल्यान आसता, तर?"

 ढोलवाल्याने मान वर केली. माझाही घास हातातच राहिला, कारण कड्यावर लटकताना हा प्रश्न मला सुचला नव्हता, नाहीतर मी तिथेच गेलो असतो.

म्हाताऱ्याने पानातलं शेवटचं शीत टिपलं.

"देवीक इचारलंय खंय?" तो म्हणाला. "मी सांगलंय. इचारला तर देव पन इचारात पडता."

आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी स्वारी पुढे निघाली आणि आम्ही दोघेही तिच्याबरोबर कुणकेश्वरापर्यंत चालत गेलो. मला म्हातारीने तिच्या घरातलं धोतर दिलं होतं. ड्रॉइंग मास्तर सबंध वाट माझ्यापुढे चार पावलं चालायचा आणि सारखा मागे वळून बघायचा. मी पायातला काटा काढायला थांबलो की तोही थांबायचा. झुडुपाआड गेलो तर बाहेरून हाक मारायचा, आणि मी ओ देईपर्यंत मारत राहायचा. कुणकेश्वर येईपर्यंत त्याने मला एकदाही निवांत बसू दिलं नाही.